कर्ण्यापुढचा कुत्रा

दिवाळीच्या आधी माळा आवरण्याचे काम आमच्या घरी दर वर्षी माझ्याकडे येते. मराठीच्या प्राध्यापकाला जुन्या वस्तूंची जात कळते, असे घरच्यांचे मत आहे. शिवाय शिडीवर चढलेला माणूस निदान तासभर कोणाला व्याख्यान देत नाही, हा फायदा वेगळाच.

यंदा माळ्यावरून दोन गोष्टी खाली आल्या. एक आजोबांचा चावीचा फोनो. त्याची चावी केव्हाच हरवली आहे. पण झाकणाच्या आतले ते चित्र अजून शाबूत आहे. पितळी कर्ण्यापुढे मान किंचित कलती करून बसलेला पांढरा कुत्रा. दुसरी वस्तू म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वडिलांनी जपून ठेवलेल्या कॅसेटी. अकरावीतल्या आमच्या कन्येने त्यातली एक उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "बाबा, हिच्या डोक्यावर ही चिकटपट्टी कशाला लावलीय?"

प्रश्न साधा होता. पण वाचकहो, त्याचे उत्तर द्यायला मला कुत्र्यापासून सुरुवात करावी लागली, आणि शिडीवरून उतरल्याबरोबर व्याख्यान सुरू झाले ते झालेच.

तो कुत्रा खरा होता. निपर त्याचे नाव. इंग्लंडातल्या फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराच्या भावाचा तो. भाऊ १८८७ साली वारला आणि निपर चित्रकाराकडे आला. पुढे १८९५ साली निपरही गेला. त्यानंतर काही वर्षांनी बॅरॉडने आठवणीतून चित्र काढले : यंत्रातून येणारा आवाज निपर कान देऊन ऐकतो आहे. त्याला नाव दिले 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे 'त्याच्या धन्याचा आवाज'. गंमत अशी की, त्या पहिल्या चित्रात ग्रामोफोन नव्हताच. त्यात होता नळकांड्यावर आवाज घेणारा जुना फोनोग्राफ. १८९९ साली बॅरॉड एक पितळी कर्णा उसना मागायला लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथल्या व्यवस्थापकाने सांगितले, जुने यंत्र पुसून त्या जागी आमचे काढा, म्हणजे चित्र आम्ही घेतो. बॅरॉडने तसे केले, आणि शंभर पौंडांत चित्र व त्याचे हक्क दोन्ही कंपनीकडे गेले.

आता यात एक मेख आहे. फोनोग्राफवर आवाज जसा ऐकता येई, तसा घरच्या घरी भरताही येई. ग्रामोफोनवर मात्र फक्त ऐकायचे. आवाज भरायचा तो कंपनीने, तिच्या यंत्रावर, तिला हवा त्याचा. म्हणजे पहिल्या चित्रातला कुत्रा आपल्या मेलेल्या धन्याचा आवाज खरोखरच ऐकत असू शकेल. दुसऱ्या चित्रात ते शक्य नाही; तिथे तो कंपनीने विकत दिलेला आवाज ऐकतो आहे. रंगाचा एक हात फिरला आणि धनी बदलला. कुत्र्याला त्याचा पत्ताही नाही.

या कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात होता. गोहरजानचे गाणे त्याने तिथे मुद्रित केले. त्या काळी मूळ मुद्रणे बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, तिथे तबकड्या छापल्या जात आणि विकायला परत येत. खप असा वाढला की, १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, आणि १९२८ साली डमडमला त्याहून मोठा. तबकडी लाखेची, आणि लाख आपल्याच रानातली. गळेही आपलेच. छाप तेवढी कुत्र्याची.

तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल त्यात बसवताना गवयांचे काय होत असेल, ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण माझ्या विषयापुरते बोलायचे तर मराठी भावगीताला जो दोन-तीन कडव्यांचा आटोपशीर बांधा मिळाला, त्यात कवीच्या प्रतिभेबरोबर या तीन मिनिटांचाही वाटा आहे, असे मला वाटते. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुले हसतात. कविता घड्याळाकडे बघत असेल हे त्यांना पटत नाही.

कंपनीने मराठी माणसाला दिले ते थोडे नव्हे. ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन नाव मिळवलेले जी. एन. जोशी १९३० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत रुजू झाले आणि पुढची कित्येक वर्षे तिथे ध्वनिमुद्रणाचे काम पाहत होते. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ यांच्यासारख्या मनस्वी गवयांना मायक्रोफोनपुढे आणून बसवण्यात या गृहस्थांचा हात होता. त्यांचे 'स्वरगंगेच्या तीरी' हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी दिवाळीच्या सुटीत अवश्य वाचावे.

मधल्या काळात रेडिओ आला. गाणे फुकट ऐकू येऊ लागले तर रेकॉर्ड कोण घेणार, अशी धास्ती कोणालाही वाटावी. झाले उलटेच. १९५२ साली आकाशवाणीने सिनेगीतांकडे पाठ फिरवली तेव्हा रेडिओ सिलोनवर 'गीतमाला' सुरू झाली, आणि रेडिओवर कानी पडलेले गाणे लोक दुकानात जाऊन मागू लागले. नवे यंत्र आले म्हणून आपले काही बिघडत नाही, असा धडा कंपनीने त्यातून घेतला असेल तर नवल नाही. १९७० च्या सुमारास पॉलिडॉरचे बस्तान बसेपर्यंत या देशात रेकॉर्ड म्हणजे जवळजवळ ही एकच कंपनी. दाराशी प्रतिस्पर्धी नसला म्हणजे धडे चुकीचे पाठ होतात.

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली काढली. आपल्याकडे ती घरोघर शिरली ती मात्र पंधरा-वीस वर्षांनी. आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसे टेपरेकॉर्डर घेऊन परत येऊ लागली, आणि शेजारपाजारचे बघायला जमू लागले. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्याचा मुलगा गुलशन कुमार याने १९८३ साली सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली. तिचे टी-सीरीज हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. त्याची कॅसेट स्वस्त होती आणि ती किराणा दुकानात, पानाच्या गादीवरही मिळे. जुनी लोकप्रिय गाणी मोठ्या कंपनीच्या हक्काची. पण १९५७ च्या कायद्यात तेव्हा अशी एक तरतूद होती की, ठराविक मुदत उलटल्यावर, नोटीस आणि मानधन देऊन, तेच गाणे दुसऱ्या गळ्यातून पुन्हा मुद्रित करता येई. त्या वाटेने रफी-मुकेशांची गाणी नव्या गायकांच्या आवाजात बाजारात आली. कोर्टकचेऱ्या झाल्या. लोकांनी मात्र कॅसेटी घेतल्या.

इथवर व्याख्यान आले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी फराळाच्या यादीतून डोके वर काढले. ती बँकेत कर्जखात्यात आहे. कंपन्यांचे वर येणे आणि बुडणे तिने कागदावर पुष्कळ पाहिले आहे.

"म्हणजे कंपनी आळशी होती, असं सरळ म्हणा की."

"आळशी कशी? गाणी तिच्याकडे, गायक तिच्याकडे, नाव तिचं."

"आणि कारखानाही तिचाच ना? अहो, तिथेच तर घोटाळा. ज्याच्या अंगणात विहीर असते, त्याला गल्लीत नळ आलेला आवडत नाही. एवढी यंत्रं, एवढे कामगार, एवढी गोदामं. तबकड्या विकल्या गेल्या तरच त्यांचा खर्च निघणार. मग साहेबमंडळी रोज सकाळी उठून स्वतःला हेच सांगणार की, लोकांना तबकडीच हवी आहे."

मला हे अलंकारांसह मान्य करावे लागले. लोकांना गाणे हवे होते. कंपनीला वाटले, लोकांना रेकॉर्ड हवी आहे. कॅसेटी तिनेही काढल्या. 'मैंने प्यार किया'सारख्या चित्रपटाची गाणी १९८९ साली तिच्याच छापावर गाजली. पण दुसऱ्याच वर्षी टी-सीरीजच्या 'आशिकी'ने साऱ्या गल्ल्या दुमदुमल्या. त्याआधीच, १९८५ च्या सुमारास, इंग्रज मालकांनी कंपनी गोएंकांच्या उद्योगसमूहाला विकून टाकली होती.

कॅसेटने आणखी एक केले. थोड्या भांडवलात कोणालाही कंपनी काढता येऊ लागली. भीमगीते, पोवाडे, गावोगावच्या देवांची गाणी, कीर्तने यांना मोठ्या कंपनीच्या यादीत जागा नव्हती असे नाही. पण ती पंगतीच्या शेवटच्या पानाची. लहान कंपन्यांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवले. आमच्या पुण्यात अलूरकरांनी मोठ्या गवयांच्या जुन्या खाजगी मैफली शोधून कॅसेटींवर आणल्या. सुरांचे दरवाजे असे चहूकडून उघडले.

दरवाजे उघडे असले की चोरही शिरतात, आणि त्या चोरांत मीही होतो. मी महाविद्यालयात शिकत असताना आमच्या पेठेत एक दुकान होते. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन दिली की दुकानदार दोन दिवसांत आपल्याला हवी ती बारा गाणी भरून देई. यादी सुवाच्य अक्षरात लिहिण्यात माझा हातखंडा होता. मित्रांच्याही याद्या मी लिहून देत असे. त्या बारा गाण्यांतले एकही पैशाने कवीपर्यंत, संगीतकारापर्यंत पोचत नाही, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. आज वर्गात कवीच्या शब्दाची थोरवी सांगताना ती यादी मला अधूनमधून आठवते. एवढे मात्र खरे की, बारा आवडीची गाणी एका ठिकाणी मला दुकानदाराने दिली. ती द्यायला कंपनीला सुचले नव्हते.

ते सुचले फार उशिरा. कंपनीने २००० साली नाव बदलून 'सारेगम' घेतले. पुढे गाणी चकतीवर गेली, फोनवर गेली, आणि फुकट झाली. सर्वजण मोबाइलच्या मागे धावत असताना २०१७ साली याच कंपनीने जुन्या ट्रान्झिस्टरच्या रूपाची एक पेटी काढली : 'कारवाँ'. आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. इंटरनेट नको, यादी नको, फक्त बटण फिरवायचे. पुढे मराठी गाण्यांचीही पेटी निघाली. आमच्या आईला आम्ही ती दिली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "जाहिराती लागतात का रे मधे?" लागत नाहीत म्हटल्यावर तिने ती देवघराच्या शेजारी ठेवली. विहिरीच्या मालकाने शेवटी शेजारच्या म्हातारीला विचारले होते की, बाई, तुला पाणी कसे हवे!

पण एक पेटी विकून घर चालत नाही. आता कंपनीचे मुख्य उत्पन्न तबकडीचे वा फितीचे नाही, तर हक्कांचे आहे. गाणे कोणी वाजवले, कशाखाली वाजवले, त्याचा पैसा. २०२० साली फेसबुकशी तिने केलेला करार याच जातीचा. कारखाना गेला आणि आवाज राहिले, आणि आवाजांनीच कंपनीला तारले. तरी तिथेही एक खिंडार आहे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. १९६४ सालची मुद्रणे १ जानेवारी २०२५ रोजी त्या हक्कातून मोकळी झाली. म्हणजे ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, तो दर नववर्षदिनी एकेक वर्षाने कंपनीच्या तिजोरीतून बाहेर पडतो आहे. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र निराळा. तो कवीच्या व संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. गदिमा १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काचे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर कवी-संगीतकारांचा मानधनातला वाटा त्यांना लिहून देऊनही सोडता येऊ नये, असे केले. उशिरा का होईना, माझ्या यादीचे थोडे प्रायश्चित्त कायद्याने घेतले.

आणि नव्या यंत्रांचे धनी तरी सुखी आहेत का? तेव्हाची स्वस्त टी-सीरीज २०१९ साली यूट्यूबवर दहा कोटी वर्गणीदार मिळवणारी जगातली पहिली वाहिनी झाली. आता मोठी कंपनी तीच. उलट विंकसारखे गाणी ऐकवणारे गाजलेले ॲप २०२४ साली बंद पडले. फोनोतला कुत्रा हे सगळे पाहत बसला आहे. त्याच्यापुढचे यंत्र एकदा बदलले ते पुन्हापुन्हा बदलतच आहे.

"बाबा," कन्या म्हणाली, "चिकटपट्टी."

खरेच, उत्तर राहिलेच होते. कंपनीच्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक खाचा असत. तिथले प्लास्टिकचे कान मुद्दाम मोडलेले असत, म्हणजे त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येऊ नये. खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसे, आणि कॅसेट पुन्हा कोरी झाल्यासारखी आवाज घेई. आमच्या वडिलांनी ती पट्टी लावली होती. कॅसेटच्या कागदावर छापलेल्या गाण्यांवर काट मारून त्यांनी आपल्या अक्षरात लिहिले होते : 'ती. आई. ओव्या. दिवाळी १९८७.' चांगली विकतची कॅसेट बिघडवली म्हणून काका त्यांना बोलल्याचेही मला आठवते.

टेपरेकॉर्डर घरात होता, पण तो हूं की चूं करीना. तापकीर गल्लीत एका वृद्ध कारागिराने तो उघडला. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. त्याने नवा पट्टा घातला, कॅसेटचे पाच स्क्रू काढून आतली निघालेली कापडी गादी चिकटवली, आणि मला बजावले, "एकदाच वाजवा, साहेब. वाजवताना दुसरीकडे भरून घ्या. फीत जुनी आहे."

धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे बसलो. आईने कारवाँ बंद केली. कन्येने मोबाइल कर्ण्यापुढे धरावा तसा टेपरेकॉर्डरपुढे धरला.

आधी नुसती खरखर आली. मग आजी. घरातले जाते १९८७ च्या पुष्कळ आधी गेले होते. पण हात फिरवल्याशिवाय तिला ओवी येत नसे, म्हणून ती पाटावर तळवा गोल फिरवत गात असे. तो तळव्याचा घासलेला आवाजही फितीत आला आहे. चौथ्या की पाचव्या ओवीला स्वयंपाकघरातून एक तरुण बाईचा आवाज येतो, "अहो, चहा गाळू का?" आणि यंत्राच्या अगदी जवळून एक पुरुष दबक्या आवाजात म्हणतो, "शूऽऽ."

एवढेच. ओव्या पुढे चालू राहतात.

वडील १९९६ साली गेले. त्यांचा आवाज कुठेही मुद्रित नाही असे आम्ही धरून चाललो होतो. जो आहे, तो हा एवढा आहे.

आई काही बोलली नाही. आजीच्या ओव्या संपल्या आणि त्याच क्षणी, ओळीच्या मध्यातून, लताबाईंचे गाणे सुरू झाले. खालचे, कंपनीचे, वडिलांनी पुसायचे राहून गेलेले. आम्ही तेही शेवटपर्यंत ऐकले. कोणी उठले नाही.

कंपनीचे काय चुकले, यावर हुशार माणसांनी पुष्कळ लिहिले आहे : भाव चढे ठेवले, बदल ओळखला नाही, आणि आणखी काही. मला वाटते, तिला एक गोष्ट कधी दिसलीच नाही. तिने आपल्याला उत्तम आवाज ऐकवले, त्याबद्दल तिचे ऋण आहे. पण ऐकणाऱ्याच्या घरातही एखादा आवाज असतो, आणि तो त्याला लताबाईंच्या शेजारी ठेवायचा असतो, हे तिच्या हिशोबात नव्हते. बॅरॉडने पुसलेले पहिले यंत्र आमच्या वडिलांनी एका चिकटपट्टीने परत काढले.

कन्येने भरून घेतलेला आवाज आता कुठल्याशा अदृश्य कोठारात आहे. ते कोठार कोणाचे, आणि त्याचे यंत्र किती वर्षे टिकेल, याची चौकशी करायला मी तिला सांगितले आहे. कॅसेट मी परत माळ्यावर टाकली नाही, पट्टीही काढली नाही.

"त्यातलं ते एकदा लाव," आईने रात्री नातीला सांगितले. कोणते, ते तिने सांगितले नाही आणि नातीने विचारले नाही.

माळा यंदा अर्धाच आवरून झाला आहे.